गोणी घ्यावी की किलोवर? पावसाआधीचा हिशेब

प्रश्न: आम्ही कुडचड्याला फ्लॅटमध्ये राहतो. घरात पाच जण: आम्ही दोघे, शाळेत जाणारी दोन मुले आणि सासूबाई. किराणा आणि साबण-पावडर धरून महिन्याला नऊ हजारांच्या आसपास जातात. यजमानांचे म्हणणे, मडगावच्या होलसेल दुकानातून तीन-चार महिन्यांचे सामान एकदम आणावे, गाडी आहेच. सासूबाईंना पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, नेहमीसारखे भरायचे आहे. पण गेल्या पावसात पाच किलोच्या पाकिटातला तीन किलो रवा किड्यांनी गेला, साखरेला पाणी सुटले आणि कपड्यांच्या पावडरीचा दगड झाला. दोन्हीकडचे भाव आणि महिन्याचा खप लिहून पाठवते आहे. घाऊक घेऊन खरेच पैसे वाचतात, की नुसते वाटते?
— एक वाचक, कुडचडे

उत्तर: पैसे वाचतात, पण तुमच्या यादीतल्या निम्म्याच वस्तूंवर, आणि यजमानांना वाटते त्यापेक्षा बरेच कमी. भावांबरोबर खपही कळवलात हे फार बरे केलेत, कारण खप ठाऊक नसेल तर नुसत्या भावावरून काहीच ठरवता येत नाही.

तांदळापासून सुरुवात करू, कारण तुमच्या घरातली खरी बचत तिथेच आहे. दोन्ही वेळा भात होत असल्याने महिन्याला १९ किलो लागतो. सुटा ५६ रुपये किलो, मडगावला २६ किलोची गोणी १,३०० रुपयांना, म्हणजे ५० रुपये किलो. किलोमागे ६, महिन्याला ११४ रुपये. गोणी ४१ दिवसांत संपते, आणि एवढ्या दिवसांत चांगल्या तांदळाला सहसा काही होत नाही. ही खरेदी डोळे मिटून करा. गोणी नेमकी २६ किलोची का, तेही ठाऊक असू द्या: १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या तांदूळ-डाळ-पिठावर ५ टक्के जीएसटी लागू झाला आणि त्यावरची गोणी त्यातून सुटली. तेव्हा १०, २० किंवा २५ किलोच्या लेबलवाल्या पिशवीपेक्षा २६ किलोची गोणी स्वस्त दिसली तर त्यातला काही भाग निव्वळ कराचा असतो.

आता रवा. एक किलोचे पाकीट ५० रुपये, पाच किलोचे २१० रुपये, म्हणजे ४२ रुपये किलो. सोळा टक्के स्वस्त. पण पाचातले दोनच किलो पोटात गेले. २१० रुपयांत दोन किलो, म्हणजे तो रवा तुम्हाला १०५ रुपये किलोने पडला. यातून एक नियम निघतो, तो स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवण्यासारखा आहे: वस्तू जितके टक्के स्वस्त मिळाली, तितके टक्के वाया गेली की नफा शून्य होतो. दहा टक्के स्वस्त घेतलेल्या दहा किलोंतला एक किलो फेकला की तुम्ही किरकोळ घेतल्यासारखेच झाले. त्यापुढचा प्रत्येक मूठभर दाणा तोट्याचा. तुमच्या तूरडाळीवर १६० ऐवजी १५० रुपये म्हणजे जेमतेम सहा टक्के सूट आहे. दहा किलोंतली सहाशे ग्रॅम डाळ खराब झाली की संपले.

वाया जाणे म्हणजे फक्त कचऱ्यात जाणे नव्हे. सहा किलोचे पावडरीचे पोते मोरीजवळ उघडे असले की मापाचा चमचा बाजूला राहतो आणि हात थेट पिशवीत जातो. महिन्याला तीन किलोच्या जागी साडेतीन किलो लागू लागली, तर पुड्यातल्या ११० विरुद्ध पोत्यातल्या ९५ रुपयांतला सगळा फरक तिथेच जिरतो आणि वर दोन रुपये जास्तच जातात. तेलाचेही तेच. मोठे घेतलेत तर पोते किंवा डबा माळ्यावर ठेवा, रोजच्या वापराचे लहान भांड्यात काढा आणि मापाचा चमचा त्यातच ठेवा.

तेलाबाबत एक फसगत नेहमी होते. तुमच्या यादीत १५ लिटरचा डबा २,२०० रुपयांना आणि दुसऱ्या ब्रँडचा १५ किलोचा डबा २,३८५ रुपयांना आहे. पहिला स्वस्त वाटतो. पण खाण्याचे तेल पाण्याहून हलके असते. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरते. म्हणजे १५ किलोच्या डब्यात जवळपास साडेसोळा लिटर तेल असते आणि ते १४५ रुपये लिटर पडते. १५ लिटरच्या डब्यातले १४७ रुपये पडते. पाऊचवरही हाच आकडा बघा: काही पाऊच एक लिटरसारखे दिसतात, पण आत ८५० किंवा ८०० ग्रॅमच तेल असते. तुमच्या पिशवीचा भाव लिटरला १५० आहे, म्हणजे डब्यावर वाचणार लिटरमागे पाच रुपये, महिन्याला चार लिटरवर वीस. आणि डबा एकदा फोडला की तो चार महिने उघडा राहणार. हवा आणि उजेड लागून तेल खवट होते, आणि खोबरेलात ओलावा गेला तर ते आणखी लवकर खवट होते. त्यापेक्षा बारा पाऊचची बंद पेटी घ्या. होलसेलवाल्याने तुम्हाला तिचे १,७४० सांगितलेत, म्हणजे तेही १४५ रुपये लिटरच झाले. डब्याएवढीच सूट मिळते आणि एका वेळी एकच लिटर उघडे राहते.

गेल्या पावसात झालेल्या तिन्ही गोष्टींची कारणे वेगवेगळी आहेत, म्हणून उपायही वेगळे.

साखर आणि मीठ हवेतले पाणी ओढतात. मिठाला हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांपुढे गेली की पाणी सुटू लागते, साखरेला ८५ च्या आसपास. गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात हवा कित्येक दिवस ८५ च्या वरच असते. त्यामुळे उघडी साखर पाझरणारच, तुमच्या हातून काही चुकले नाही. साखरेवर तुम्हाला किलोमागे दोन रुपये वाचतात, महिन्याला आठ. त्यासाठी पावसात दहा किलोची पिशवी उघडून ठेवणे मुळीच परवडत नाही. एक किलोची बंद पाकिटे घ्या, लागेल तसे एकेक फोडा. आगरातले जाडे मीठ लोणच्यासाठी वर्षाचे घ्यायला हरकत नाही, पण ते चिनीमातीच्या बरणीतच भरा. त्याला पाणी सुटून पत्र्याचा डबा गंजतो.

कपड्यांच्या पावडरीत सोडा असतो, तोही ओलावा धरतो. दगड झालेली पावडर बाद होत नाही: कोमट पाण्यात विरघळवून बादलीतल्या कपड्यांना वापरता येते, फक्त मशीनच्या कप्प्यात टाकू नका, तो तुंबतो. पावडरीवरची सूट तेरा-चौदा टक्के आहे, ती सोडू नका. घरी आणल्याच दिवशी सहा किलोची सहा जाड पिशव्यांत वाटणी करून तोंडे घट्ट बांधा.

रव्याचे प्रकरण जिवंत किड्याचे आहे. रवा, मैदा, बेसन यांतले तांबडे किडे पिठातच अंडी घालतात आणि उबदार, दमट हवेत महिनाभरात त्यांची पुढची पिढी तयार होते. तांदळातला सोंडकिडा दाण्याला भोक पाडून आत अंडे घालतो आणि भोक बुजवतो, म्हणून घेताना तांदूळ स्वच्छ दिसतो आणि महिना-सव्वा महिन्याने डब्यात किडे फिरू लागतात. त्यांनी डब्यात बाहेरून शिरायची गरज नसते, ते दुकानातूनच आलेले असतात. कडुनिंबाचा पाला किंवा तमालपत्र टाकल्याने दाण्याच्या आतले अंडे मरत नाही. थंडीने मरते. रव्याचे किलोचे बंद पाकीट फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर चार दिवस ठेवा, बाहेर काढल्यावर न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच डब्यात भरा. गार असताना उघडलेत तर हवेतले पाणी रव्यावरच जमेल. जुन्या रव्यावर नवा कधीच ओतू नका. डबा रिकामा करून, धुऊन, पूर्ण कोरडा करून मग भरा, नाहीतर खाचेत राहिलेली चार अंडी सगळे बिघडवतात. साध्या स्टीलच्या डब्याचे झाकण हवाबंद नसते. रबराची कडी असलेले घ्या.

एक कळकळीचे सांगणे: धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या कुणी सुचवल्या तर घरात आणू नका. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीतून ओलाव्याने निघणारा वायू माणसाचा जीव घेतो, आणि बंद फ्लॅटमध्ये मुले झोपत असताना हा धोका कुठल्याही बचतीसाठी घेण्यासारखा नाही.

पावसाळ्यात रवा, मैदा, पोहे, बेसन आणि गव्हाचे पीठ महिन्याच्या खपापलीकडे घेऊच नका, कितीही स्वस्त मिळाले तरी. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, रवा चवथीच्या आधीच्या आठवड्यात ताजा आणा. डाळींचे वेगळे: भुंगा मुख्यतः अख्ख्या कडधान्यावर अंडी घालतो, म्हणून आळसांदे (चवळी), मूग, चणे लवकर पोखरले जातात आणि फोडलेली तूरडाळ त्या मानाने टिकते. तुमचा खप तीन किलोचा आहे. पावसाबाहेर पाच-सहा किलो घ्यायला हरकत नाही. दहा किलोवरच भाव मिळत असेल तर शेजारच्या घराबरोबर अर्धी वाटून घ्या.

सासूबाईंच्या पुरुमेंताकडे येऊ. ते आणि यजमानांची होलसेल खरेदी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि घरात वाद होतो तो बहुधा त्या एकच समजल्याने. होलसेलमध्ये सूट मिळते ती जास्त माल एकदम उचलल्याची. पुरुमेंतात फायदा होतो तो हंगामाचा. मे महिन्यात कोकमाची सोलं, चिंच, सुक्या मिरच्या, धणे, आळसांदे, खारे बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), गालमो (सुका जवळा) हे सगळे ऊन खाल्लेले आणि भरपूर मिळते. १ जून ते ३१ जुलै यंत्रबोटींची मासेमारी बंद, ताजी मासळी महागते, मग सुक्या मासळीचाही भाव चढतो. म्हणून पुरुमेंत दोन किलोचे केले तरी फायद्याचे ठरते, आणि म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात ते सुटेच घेतात. सासूबाईंचे बरोबर आहे. फक्त पूर्वी हे सामान चुलीच्या वर, धुराच्या कोरड्या उबेत टिकायचे. फ्लॅटमध्ये ती सोय नाही, एवढाच फरक लक्षात घ्यावा लागेल.

तेव्हा भरताना हे सांभाळा. मिरची विकत घेतली तरी घरी दोन कडक उन्हे द्या. हातात वाकते ती अजून ओली आहे. मोडली पाहिजे आणि आतले बी वाजले पाहिजे. उन्हातून काढल्या काढल्या बरणीत भरू नका, सावलीत पूर्ण निवू द्या, कारण गरम माल झाकणाखाली घाम धरतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. सगळे एका मोठ्या बरणीत भरण्यापेक्षा चार लहान बरण्या काठोकाठ भरा, म्हणजे एक संपेपर्यंत बाकीच्या तिघींना दमट हवा लागत नाही. आळसांद्यांना किलोमागे एक लहान चमचा, म्हणजे ५ मिली, खोबरेल चोळून ठेवले तर भुंग्याची अंडी दाण्यावर टिकत नाहीत; किंवा फ्रीझरचा वरचाच उपाय. सुकी मासळी हवाबंद डब्यात फ्रीजमध्येच ठेवा. कांद्याच्या माळा मात्र जपून घ्या. उन्हाळी कांदा टिकाऊ असतो, पण दमट हवेत कोंब फुटतात आणि देठाकडून कुजतो. वारा खेळणाऱ्या, पाऊस न लागणाऱ्या बाल्कनीत टांगून ठेवता येत असेल तर दीड महिन्याचा घ्या, त्याहून जास्त नाही. बटाट्यांशेजारी तर नकोच.

न खराब होणाऱ्या वस्तूंवर घाऊक खरेदी निर्धास्तपणे चालते. अंगाच्या साबणाच्या चोवीस वड्या घ्या: ३४ ऐवजी ३० रुपयांना वडी, महिन्याला सहा लागतात, चोवीस रुपये वाचतील. कोरड्या कपाटात दोन-तीन महिने पडून राहिलेली वडी कडक होते आणि झिजतेही हळू. पण भाव वडीवर न बघता शंभर ग्रॅमवर बघा, कारण ७५, १००, १२५ ग्रॅमच्या वड्या शेजारी शेजारी सारख्याच दिसतात. 'चारावर एक फुकट' असलेल्या गठ्ठ्यात वडी लहान आहे का तेही तपासा. खोक्यावर टीएफएमचा, म्हणजे साबणातल्या एकूण मेदाचा, आकडा असतो: ७६ टक्के किंवा जास्त असेल तर पहिली प्रत, ७० पासून दुसरी, ६० पासून तिसरी. कमी टीएफएमची स्वस्त वडी बहुधा लवकर विरघळते. भांड्यांचे बार, घासण्या, कचऱ्याच्या पिशव्या, संडास साफ करायचे द्रव यांचेही मोठे पुडे चालतील. ब्लीचचा पाच लिटरचा कॅन मात्र नको. त्यातला क्लोरीन आपोआप उडत जातो, उकाड्यात तर जास्तच, आणि सहा महिन्यांनी तुम्ही बरेचसे पाणीच ओतत असता. काड्यापेट्या आणि डासांच्या कॉइलही पावसापुरत्या थोड्याच घ्या, सादळतात.

दुकानात उभ्या उभ्या तुलना करायची तर पाकिटावरचा एकक दर बघा. पाकीटबंद वस्तूंच्या नियमांनुसार आता एमआरपीसोबत ग्रॅमला, किलोला, मिलीला किंवा लिटरला किती पडतो तेही छापावे लागते. गोम एवढीच की किलोच्या आतल्या पाकिटावर दर ग्रॅमचा असतो आणि किलोच्या वरच्यावर किलोचा. लहान पाकिटावरचे ०.१२ रुपये प्रति ग्रॅम म्हणजे १२० रुपये किलो; हजाराने गुणले की दोन्ही एका पातळीवर येतात. मात्र तो दर एमआरपीवरून काढलेला असतो. होलसेलवाला एमआरपीवर १५ टक्के सूट दाखवत असेल आणि तुमचा नाक्यावरचा दुकानदार त्याच पाकिटावर १० टक्के देत असेल, तर तुमची खरी बचत पाचच टक्के. आणि मोठे ते स्वस्तच असे धरून चालू नका: शाम्पूची पुडी अनेकदा बाटलीपेक्षा मिलीला स्वस्त पडते.

आता सगळी बेरीज. तांदूळ ११४, तेल २०, तूरडाळ ३०, साबण २४, पावडर ४५, साखर ८. महिन्याला २४१ रुपये. कुडचड्याहून मडगावला जाऊन यायला चाळीसेक किलोमीटर. चारचाकीला अडीच-पावणेतीन लिटर पेट्रोल, म्हणजे २६० रुपयांच्या आसपास. गोणी ४१ दिवसांची, म्हणजे खेपेचा खर्च महिन्याला १९० ते १९५ रुपये. हातात उरले जेमतेम पन्नास, आणि एक अख्खी दुपार गेली. खेपा कमी करण्यासाठी दोन गोण्या एकदम आणल्यात तर खर्च अर्ध्यावर येतो आणि दीडशेच्या आसपास उरतात. ऑक्टोबर ते मे या कोरड्या महिन्यांत हे जमेल. पावसात दुसरी गोणी दीड महिना न उघडता पडून राहणार, ते टाळा.

तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, तिच्याकडे यजमानांचे लक्ष वेधा: नाक्यावरचा दुकानदार तीच गोणी १,३४० रुपयांना घरपोच देतो. म्हणजे साडेएकावन्न रुपये किलो. सुट्या तांदळाच्या तुलनेत महिन्याला ८५ रुपये वाचतात, तेही पेट्रोल न जाळता, आणि तांदळात किडे निघाले तर गोणी परत करायला तो समोरच आहे. त्याच्याकडेच तेलाची पेटी आणि पावडरीच्या सहा किलोचा भाव विचारा. महिन्याचे नऊ हजार एकाच जागी देणाऱ्या घराला तो बहुधा काही ना काही सोडतो. मडगावला दवाखाना, शाळा किंवा लग्नकार्यासाठी एरवी जायचेच असेल तेव्हा पेट्रोल या हिशेबात धरू नका, आणि तेव्हा साबण, भांड्यांचे बार, घासण्या भरून आणा.

क्रेडिट कार्डावर ही खरेदी करणार असाल तर पूर्ण बिल मुदतीत भरा. थकबाकीवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागते. पाच हजारांचे सामान दोन महिने थकले तर तीनशे-साडेतीनशे रुपये व्याजातच गेले.

पाऊस लागायच्या आधी एवढे कराच: आजपासून फोडलेल्या प्रत्येक पाकिटावर मार्करने तारीख लिहा आणि संपल्याची तारीख दारामागच्या कॅलेंडरवर टिपा. तुम्ही पाठवलेला खप अंदाजाचा आहे. तांदळाचा बहुधा बरोबर असेल, पण रवा, बेसन आणि पावडरीचा अंदाज फार वेळा चुकतो. मेअखेर हे आकडे हातात आले की पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी तांदूळ एकेका गोणीचा, डाळ तीन किलोची, रवा एका किलोचा अशी यादी ठरवा आणि ती दुकानदाराला एकदाच लिहून द्या.